वऱ्हाडची बैठक आणि पाठीचें दुखणें

मराठी भाषेंत ‘बैठक’ या शब्दाचे अर्थ किती आहेत, याचा विचार आपण कधीं केला आहे काय? घरांतील ज्या खोलींत पाहुण्यास लोडाशीं टेकवून बसवितात ती बैठक. दहा माणसें जमून विचारविनिमय करितात ती बैठक. गवयाचें गाणें रंगतें तीहि बैठक. आणि एखाद्या ग्रंथामागें जो पक्का विचार असतो ती त्याची वैचारिक बैठक. पण एवढ्यानें भागत नाहीं. तालमींत पहिलवान घामाघूम होऊन शंभर-दोनशें वेळां गुडघे वांकवून खालीं जातो आणि पुन्हां ताठ उभा राहतो, त्यालाहि आपण बैठकच म्हणतों! एकाच शब्दानें विसांवाहि सांगावा आणि व्यायामहि सांगावा, यांत मोठें मर्म आहे. पहिल्या बैठकींत माणूस बसतो तो बसतोच; दुसरींत तो बसतो तो उठण्यासाठीं. या दोन बैठकींमध्यें जें अंतर आहे, तोच आजच्या भाषणाचा विषय होय.

पाठ-कंबर दुखूं लागली कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक निदान आधींच ठरलेलें असतें: ‘दिवसभर बसून काम; दुसरें काय होणार?’ अमरावतीच्या कचेरींतील लेखनिक असो, अकोल्याच्या बाजारपेठेंतील मुनीम असो, बँकेंत नोकरी करणारी कन्या असो, किंवा पुण्या-मुंबईच्या कंपनीचें काम घरींच संगणकापुढें बसून उरकणारा चिरंजीव असो, सर्वांच्या तोंडीं हेंच वाक्य. तें कितपत खरें आहे? मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत लागलेला व जन्मभर मुलांना इतिहास शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहें. तेव्हां या प्रश्नाकडे मी इतिहासाच्याच वाटेनें जाणार. वऱ्हाडचा माणूस पूर्वीं कसा बसत होता, तो खुर्चीवर केव्हां व कां चढला, त्या बसण्यावर याच अमरावतींत लोकांनीं कोणता उतारा काढला, आणि शास्त्रज्ञांनीं पाठीविषयीं काय शोधून काढलें, हें आपण क्रमानें पाहूं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वींचीं माणसें मुळीं बसतच नसत, अखंड राबत असत, अशी आपली समजूत असते. ती बरोबर नाहीं. आफ्रिकेंतील टांझानिया देशांत हाड्झा नांवाची एक जमात आहे. मध, कंदमुळें व शिकार यांवर तिचा निर्वाह चालतो. या लोकांच्या अंगाला हालचाल मोजणारीं यंत्रें लावून केलेलें एक संशोधन २०२० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत असें दिसून आलें कीं, हे लोक जागेपणीं दिवसाकाठीं सुमारें दहा तास विश्रांतींतच घालवितात. म्हणजे शहरांतील माणसाइतकेच! फरक आहे तो बसण्याच्या रीतींत. ते उकिडवे बसतात, गुडघे टेकून बसतात, जमिनीवर बसतात. आणि उकिडवें बसलें असतां पायांचे स्नायू खुर्चीवरच्यापेक्षां अधिक जागे राहतात. सारांश, बसणें हें कांहीं आधुनिक पाप नव्हे. प्रश्न आहे तो कसें बसावें व किती वेळ न उठतां बसावें, याचा.

आपल्या जुन्या वऱ्हाडी घरांत तरी याहून निराळें काय होतें? जेवण पाटावर, मांडी घालून. भाजी चिरणें विळीवर, एक गुडघा उभा करून. दळण जात्यावर, एक पाय लांब पसरून. स्वयंपाक चुलीपुढें, कधीं उकिडवें तर कधीं पाटावर. पाहुणा आला तर ढाळजेंत किंवा ओसरीवर सतरंजी, आणि म्हाताऱ्या माणसांना भिंतीचा आधार. एका दिवसांत घरांतील बाई पांच-सात तऱ्हांनीं बसे आणि प्रत्येक वेळीं जमिनीवरून उठून उभी राही. जमीन कठीण असते. पाव तास झाला नाहीं तोंच पायाला मुंग्या येतात, मांडी बदलावी लागते, अंग हलवावें लागतें. आपण जिला गैरसोय म्हणतों तीच त्या बसण्याची राखणदार होती. गुबगुबीत खुर्चीचा गुण असा कीं ती हलूं देत नाहीं. आणि दोषहि तोच.

आपल्या पूर्वजांस बसण्याचा धोका ठाऊक नव्हता असें मात्र नव्हे. चरकसंहितेंत प्रमेहाचीं कारणें सांगतांना ‘आस्यासुख’ म्हणजे बसून राहण्याचें सुख हें एक कारण म्हणून स्पष्टपणें गणलें आहे. कंबरेपासून पायाच्या टोकापर्यंत जी कळ जाते तिला आयुर्वेदांत ‘गृध्रसी’ म्हणतात. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव. घरगुती भाषेंत आपण ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’, ‘कंबर धरली’ असें म्हणतों. इतके जुने व इतके नाना शब्द ज्या दुखण्यास आहेत, तें दुखणें संगणकाबरोबर जन्मास आलें असें कोण म्हणेल?

जुन्या काळींहि दिवसभर बसणारा एक वर्ग होताच. गांवोगांवचा पटवारी, दरबारचा चिटणीस, पेढीवरचा मुनीम, हीं सर्व बैठ्या धंद्याचीं माणसें. बोरू घेऊन मोडींतील पाठीमागून पाठी लिहीत जाणें हें काम वाटतें तितकें सोपें नव्हे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत पहिला समासच लेखनक्रियेवर घातला आहे, यावरून या कलेची त्या काळीं किती मातब्बरी होती तें दिसतें. लिहिणारा एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरी. किंवा मांडीपुढें उतरत्या फळीची लहान पेटी ठेवून तीवर वही ठेवी. या उतरत्या फळीकडे आपण पुन्हां वळणार आहों, म्हणून ती ध्यानांत ठेवावी.

याच सुमारास युरोपांत एका वैद्यानें बसणाऱ्यांच्या दुखण्यांचा पहिला मोठा अभ्यास केला. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें कारागिरांच्या रोगांवर १७०० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. शिंपी व चांभार वांकून बसतात, त्यामुळें त्यांची पाठ वांकते, हें त्यानें लिहून ठेविलें. १७१३ च्या वाढविलेल्या आवृत्तींत त्यानें लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातलें आणि त्यांच्या दुखण्याचीं तीन कारणें सांगितलीं: सतत बसणें, एकाच दिशेनें हाताची अविरत हालचाल, आणि चूक होऊं नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीनशें वर्षांपूर्वींचें हें निदान आजच्या टंकलेखकास किंवा संगणकावरील कारकुनास जसेंच्या तसें लागू पडतें. बैठ्या धंद्याच्या माणसानें निदान सुटीच्या दिवशीं तरी अंग हलवावें, असा त्याचा उपदेश होता.

आतां वऱ्हाडकडे वळूं. आपल्या प्रांताचें बसणें बदललें तें एका तहानें. १८५३ सालीं निजामानें फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. पुढें अमरावती हें पूर्व वऱ्हाडचें आणि अकोला हें पश्चिम वऱ्हाडचें मुख्य ठाणें झालें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाडांतून नागपूरला पोंचली. कापूस, आगगाडी आणि कचेरी, या तिघांनीं मिळून जुन्या वऱ्हाडचें रूप पालटलें. जमिनीची मोजणी झाली, दप्तरें उभीं राहिलीं, दिवाणी-फौजदारी न्यायालयें आलीं, पोस्ट आलें, तारखातें आलें, स्टेशनमास्तर आला, वकील आला. या प्रत्येकाच्या पुढें एक टेबल होतें आणि खालीं एक खुर्ची.

खुर्ची हा शब्दच मुळीं अरबी ‘कुर्सी’वरून आलेला. ती आपल्याकडे आली ती सोय म्हणून नव्हे, मान म्हणून आली. उत्तर हिंदुस्थानांत इंग्रज अधिकारी निवडक लोकांस ‘कुर्सीनशीन’ असें प्रमाणपत्र देत. तें ज्याच्यापाशीं असेल त्यालाच साहेबापुढें खुर्ची मिळे, बाकीच्यांनीं उभें राहावें. आणि साहेबाला तरी कां नांवें ठेवावीं? आपल्याच गांवांतून पाटलाच्या ओट्यावर कोणीं बसावें, कोणीं पायरीशीं बसावें आणि कोणीं उन्हांत उभेंच राहावें, हें जातीवरून ठरत होतें. बसणें हा अधिकार होता आणि उभें राहणें ही शिक्षा होती.

ही गोष्ट विसरून आपणांस बसण्याविषयीं कांहीं बोलतां येणार नाहीं. अमरावतीस १९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज निघालें आणि उच्च शिक्षण वऱ्हाडच्या दारीं आलें. १९३२ सालीं डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या वखर-डवऱ्याशिवाय दुसरें कांहीं ठाऊक नव्हतें त्या कुणब्यांचीं व इतर बहुजनांचीं मुलें बांकावर येऊन बसलीं. हें बसणें आळसाचें नव्हे, तें स्वातंत्र्याचें बसणें होतें. ज्याच्या आजोबाला बसूं दिलें जात नव्हतें, त्याच्या नातवाला ‘फार बसूं नकोस’ असें सांगतांना जीभ जरा जपूनच चालवावी लागते. म्हणून मी खुर्चीस शिव्या देणार नाहीं. तिच्यावर बसण्याचा हक्क आपण मोठ्या कष्टानें मिळविला आहे. आतां तिच्यावरून वेळेवर उठण्याची कला तेवढी मिळवावयाची राहिली आहे.

शाळेच्या बांकाची कथा याहून बोलकी आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिचचे डॉक्टर फार्नर यांनीं १८६५ सालीं मूल आणि शाळेचें मेज यांवर एक पुस्तक लिहिलें. लिहितां लिहितां मुलाचें डोकें हळूहळू पुढें कसें येतें, पाठ कशी कोसळते आणि छाती मेजावर कशी टेकते, हें त्यांनीं बारकाईनें टिपलें आणि दोष मुलाच्या आळसाकडे न लावतां बांक व मेज यांच्या चुकीच्या अंतराकडे लावला. त्यानंतर डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य मांडल यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच विषयाचा पिच्छा पुरविला. बैठक थोडी उंच व पुढें उतरती असावी आणि मेजाची फळीहि आपल्याकडे उतरती असावी, म्हणजे कंबरेचा नैसर्गिक बांक मोडत नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. श्रोतेहो, आपल्या मुनिमाची उतरत्या फळीची पेटी आठवली ना? सपाट टेबल आलें आणि ती पेटी अडगळींत गेली. कांहीं जुन्या वस्तू आपण जुन्या म्हणूनच टाकून देतों; त्यांच्यांत कांहीं शहाणपण होतें काय, हें पाहण्याचें राहूनच जातें.

मास्तर म्हणून मीं जें पाहिलें तेंहि सांगतों. पुष्कळ शाळांतून पांचवीपासून दहावीपर्यंत बांक एकाच मापाचे असतात. लहान मुलांचे पाय अधांतरीं लोंबतात आणि मोठ्यांचे गुडघे मेजाला आपटतात. अशा बांकावर पोर चुळबुळ करूं लागलें कीं आपण त्याला ‘नीट बस, हलूं नको’ म्हणून दटावतों. वस्तुतः त्याचें शरीर त्याला योग्य तेंच सांगत असतें. चुळबुळ हा शिस्तभंग नव्हे. ती पाठीची तक्रार आहे, आणि ती मोठेपणींच्या तक्रारीपेक्षां कितीतरी शहाणी आहे.

आतां अमरावतीच्या उताऱ्याकडे येऊं. इंग्रजी शिक्षणानें आमचे तरुण बुद्धीनें तरतरीत पण शरीरानें दुबळे होत आहेत, ही चिंता त्या काळच्या पुढाऱ्यांस सर्वत्र जाळीत होती. १९१४ सालीं अंबादासपंत वैद्य व अनंत वैद्य या बंधूंनीं अमरावतींत हनुमान आखाडा काढला. त्याचेंच पुढें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतूतू, खो-खो असे देशी प्रकार तेथें पद्धतशीर शिकविले जाऊं लागले. १९३६ सालीं बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, त्या वेळीं या मंडळाचें पथक तेथें गेलें आणि हुतूतूसारख्या देशी खेळांचें प्रात्यक्षिक त्यानें जगापुढें करून दाखविलें. मैदानावरच्या धुळींतील आमचा खेळ वऱ्हाडच्या एका गांवानें बर्लिनपर्यंत नेला, ही गोष्ट आपल्या मुलांना पाठ असावी. याच काळांत औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार चालविला, आणि १९२४ सालीं लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून आसनांचा शास्त्रीय कसोटीवर अभ्यास सुरू केला.

या मंडळींच्या डोळ्यांपुढें कांहीं पाठदुखी नव्हती. त्यांच्यापुढें देश होता. परंतु त्यांनीं जें निवडलें तें पाठीच्या दृष्टीनें पाहिलें तर नवल वाटतें. सूर्यनमस्कारांत पाठ एकदां पुढें वांकते व एकदां मागें, आळीपाळीनें. लेझीम खेळतांना माणूस बसतो, उठतो, वळतो. मल्लखांबावर पाठीचा एकहि स्नायू झोपूं शकत नाहीं. आणि जोर-बैठका तर आपण आरंभींच पाहिल्या. एका बाजूस नव्या अमरावतीनें बसण्याची खुर्ची घेतली आणि दुसऱ्या बाजूस तिनेंच उठण्याचा आखाडा काढला. हा तोल जोंवर राहिला तोंवर ठीक होतें. पुढें खुर्च्या घरोघर गेल्या. आखाडा मात्र कांहीं थोड्यांचाच राहिला.

आतां शास्त्राकडे वळूं. आपल्या कंबरेच्या भागांत पांच मणके असतात. मणक्यामणक्यांच्या मध्यें रबरासारखी लवचिक गादी, म्हणजे चकती असते. बाहेर चिवट वेष्टन आणि आंत ओलसर मऊ गर, अशी तिची रचना. मोठ्या माणसाच्या या चकतीच्या गाभ्यास स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; शेजारच्या भागांतून जें पाझरून येईल त्यावरच तिचें पोषण चालतें. १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या दोन डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, ही चकती फाटून तिचा गर बाहेर आला व त्यानें मज्जेच्या मुळास दाबलें, तर पायांत कळ जाते. तेव्हांपासून पाठदुखीच्या विचारांत चकतीला मानाचें स्थान मिळालें.

आपण उभे असतों तेव्हां कंबरेला आंतल्या बाजूस एक सुंदर बांक असतो. खुर्चीवर बसलों कीं ओटीपोटाखालचें हाड मागें कलतें आणि तो बांक सपाट होतो; पोक काढून बसलों तर उलटाहि होतो. स्वीडनमधील नाखेमसन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत जिवंत माणसाच्या चकतींत सुई घालून दाब मोजला. उभ्यापेक्षां बसलेल्या माणसाच्या चकतीवरचा दाब बराच अधिक असतो, असें त्यांस आढळलें. झालें! ‘बसणें म्हणजे मणक्यावर घाला’ हें सूत्र जगभर पसरलें. पण शास्त्राचा एक गुण असा कीं तें आपलेंच म्हणणें पुन्हां तपासून पाहतें. १९९९ सालीं जर्मनींतील विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नव्या साधनांनीं दाब मोजला. तेव्हां सैल बसलेल्या माणसाचा दाब उभ्या माणसापेक्षां अधिक नाहीं, किंबहुना थोडा कमीच आहे, असें दिसलें. पुढें वांकून ओझें उचलतांना मात्र दाब कितीतरी वाढतो, याविषयीं मतभेद नाहीं.

मग बसल्यानें पाठ दुखते कीं नाहीं? या प्रश्नावर झालेले पुष्कळ अभ्यास एकत्र करून २००७ सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं एक आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष मोठा समतोल आहे. नुसतें बसणें, तेवढें एकटेंच, पाठदुखीचा धोका वाढवितें असें सिद्ध होत नाहीं. परंतु कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ बसणें, आणि त्याला अवघडलेल्या आसनाची किंवा अंगास बसणाऱ्या हादऱ्यांची जोड मिळणें, या युतीनें धोका निश्चित वाढतो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून एस. टी. हांकणारा चालक, शेतांत दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारा तरुण, आणि मान खालीं घालून मोबाइलवर वांकलेला विद्यार्थी यांनीं हें वाक्य दोनदां ऐकावें. बसणें हा एकटा गुन्हेगार नव्हे. तो टोळींतला एक आहे. हालचालीचा अभाव, दुबळे स्नायू, वाढलेलें वजन, तंबाखूचें धूम्रपान, मनावरचा ताण, हे त्याचे साथीदार.

आणि अति बसण्याचा खरा घाला पाठीपेक्षांहि आंत, हृदयावर पडतो. १९५३ सालीं लंडनमध्यें डॉ. मॉरिस यांनीं बसगाड्यांचे बसलेले चालक व जिने चढणारे-उतरणारे वाहक यांची तुलना केली. एकाच गाडींत काम करणारीं हीं माणसें. पण हृदयविकार चालकांत अधिक आढळला. आस्यासुखाबद्दल चरकानें दिलेली धोक्याची सूचना येथें निराळ्या वाटेनें खरी ठरली.

येथें थोडें थांबून वऱ्हाडच्या शेताकडे पाहिलें पाहिजे. नाहींतर आपला विचार शहरी दिवाणखान्यांतच घुटमळत राहील. जी बाई दिवाळीनंतर पऱ्हाटींत सकाळपासून सांजेपर्यंत वांकून कापूस वेचते, पोटाशीं बांधलेल्या ओटींत तो भरते आणि मग डोक्यावर गाठोडें घेते, ती खुर्चीवर कधीं बसली? निंदणाच्या दिवसांत दिवसभर उकिडवी सरकत जाणारी मजूरीण कोणत्या संगणकापुढें बसते? तिची कंबर दुखत नाहीं काय? दुखते, आणि आपल्याइतकीच दुखते. फक्त तिच्या दुखण्याची चर्चा होत नाहीं. तसेंच कापडाच्या मोठ्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींचें. त्यांना बसण्याची मुभा नसते म्हणून केरळ राज्यानें २०१८ सालीं दुकानांविषयींच्या कायद्यांत दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला, आणि २०२१ सालीं तमिळनाडूनेंहि तोच मार्ग धरला. एकाला उठण्याची गरज आहे आणि दुसऱ्याला बसण्याची. दोघांच्या पाठीचें मागणें मात्र एकच: ‘मला एकाच अवस्थेंत जखडूं नका.’

हें मागणें एवढें सार्वत्रिक आहे कीं २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लाख लोकांस कंबरदुखी होती, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. मनुष्यास काम करण्यास असमर्थ करणाऱ्या कारणांत तिचा क्रम सर्वांत वर लागतो.

आतां उपाय. पहिला उपाय म्हणजे भय सोडणें. नुकतीच उद्भवलेली कंबरदुखी बहुधा कांहीं आठवड्यांत उतरते. पूर्वीं ‘फळीवर निजून राहा’ असा सल्ला मिळे. १९९५ सालीं फिनलंडमध्यें झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, अंथरुणास खिळलेल्यांपेक्षां झेपेल तितकें नित्याचें काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. दुसरें, बाजारांतील पट्ट्यांवर फार भिस्त ठेवूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या डिसेंबरांत जुनाट कंबरदुखीविषयीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यांत व्यायाम व रोग्यास योग्य समज देणें यांवर भर आहे. कंबरपट्टे व वजनें लावून ताण देणें यांची शिफारस नाहीं. तिसरें, याच संघटनेच्या २०२० च्या सूचनेप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणें हें त्यांत धरलें जातें. आणि चौथें, अर्ध्या-पाऊण तासानें उठावें. उठण्यास निमित्त हवें असेल तर पाण्याचा तांब्या हातापाशीं न ठेवतां दूर ठेवावा. दूरध्वनीवर बोलतांना उभें राहावें. दिवसांतून एकदां तरी जमिनीवर मांडी घालून जेवावें व हाताचा आधार न घेतां उठून पाहावें. मात्र ज्यांचे गुडघे दुखतात अशा वडीलधाऱ्यांनीं हा हट्ट धरूं नये. त्यांनीं खुर्चीवरूनच, पण वेळोवेळीं उठावें.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊं नये. कंबरदुखीबरोबर पायांतील बळ जाऊं लागलें, लघवी-शौचावरील ताबा सुटला, बैठकीच्या जागीं बधिरपणा आला, ताप किंवा अकारण वजन घटणें सुरू झालें, किंवा पडल्यानंतर दुखणें लागलें, तर आसनें व लेप यांत वेळ न दवडतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

आणि शाळा? तेथें उपाय फारसा खर्चाचा नाहीं. बांक दोन-तीन मापांचे असावेत. प्रत्येक तासाला मुलांनीं निदान दोन मिनिटें उभें राहावें. कविता उभ्यानें म्हणावी. आणि परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास गणिताला देऊं नये. मी नोकरींत असतांना तासाच्या मध्यें मुलांना उभें करून सनावळी म्हणावयास लावीत असें. सनावळी किती पाठ झाली तें सांगतां येत नाहीं. पण वर्ग जागा राही, हें खरें.

सारांश असा कीं, वऱ्हाडच्या माणसानें दीडशें वर्षांत जमिनीवरून बांकावर, बांकावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून संगणकापुढें असा प्रवास केला. हा प्रवास मागें फिरविण्याचें कारण नाहीं आणि तें शक्यहि नाहीं. त्यांत अनेकांच्या मुक्ततेची कथा आहे. पण याच मातींत, याच अमरावतींत, ‘बैठक’ शब्दाचा दुसरा अर्थहि आखाड्याच्या लाल मातींत जिवंत ठेवला गेला. पहिली बैठक आपण चांगली कमावली आहे. दुसरी विसरूं नये, एवढीच विनंती. हें भाषण ऐकतांना आपण बसलेले असाल, तर आतां उठण्यास हरकत नाहीं.